अपडेट सर

नांदेड-लातूरकडं तुमचं जाणंयेणं असेल, तर अपडेट सर तुम्हाला भेटलेले आहेत. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, लोह्याच्या बसस्टँडवर, फार काय, गोदावरीच्या घाटावर दहाव्याला जमलेल्या मंडळींत जो माणूस हलक्या आवाजात "आला का तुमच्यात?" असं विचारतो, तेच सर. काय आला, हे ते सांगत नाहीत. तुमच्या मनात आधी पीकविमा येतो, मग लाडक्या बहिणीचा हप्ता. "नाही अजून," असं तुम्ही मोघम बोलता आणि सरांचा चेहरा फुलतो. "माझ्यात आला. काल रात्री. पावणेतीन जीबी."

सर शिकवत काही नाहीत. एका ज्युनियर कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक आहेत. पण लातूर पॅटर्नच्या मुलखात कॉलेजच्या फाटकातून सकाळी आत जाणारा आणि फी न भरणारा प्रत्येक माणूस सरच असतो. गाव लोह्याजवळचं, नोकरी नांदेडला आणि सासुरवाडी लातूरला. त्यामुळं लोहा, अहमदपूर, चाकूर ही त्यांची ये-जा करायची वाट, आणि त्या वाटेवरच्या एसटीत शेजारी बसलेला प्रवासी हे त्यांचं कार्यक्षेत्र. तिकीट काढून झालं की ते शेजाऱ्याच्या फोनकडं बघतात, कपाळाला आठी घालतात आणि विचारतात, "दादा, अजून मागच्याच सालच्या व्हर्जनवर हाव का?" शेजारी ओशाळतो. आपल्या अंगावर काहीतरी मळकं आहे आणि ते सगळ्या गाडीला दिसतंय, असं त्याला वाटायला लागतं.

सरांचा स्वतःचा फोन अठरा हजारांचा, हप्त्यानं घेतलेला. कव्हर एकेकाळी पारदर्शक होतं, आता पिवळं पडलंय. त्याच्यामागं दहाची नोट आणि खंडोबाचा छोटा फोटो. किल्ल्यांच्या जुडग्यात सिम काढायची पिन. या फोनवर ते चार कामं करतात. फोन लावतात, व्हॉट्सॲप बघतात, सकाळी अभंग ऐकतात आणि लातूरच्या बाजारात सोयाबीन काय भावानं गेलं ते पाहून उसासा टाकतात. यातलं एकही काम गेल्या आठ-दहा वर्षांत कुठल्याच अपडेटनं सोपं केलेलं नाही. सोयाबीनचा भाव तर कुठल्याच व्हर्जनमध्ये सुधारलेला नाही.

मग एवढी तगमग कशासाठी? सरांचं उत्तर तयार असतं. "आपल्याकडं काहीबी आलं तर शिळं होऊन येतं. रेल्वेचा डबा येतो, तो दुसऱ्याच्या बुडाखाली झिजलेला. योजना येती, तवा तिची मुदत संपलेली. हे एकच असं हाय की कॅलिफोर्नियातून निघतं अन् थेट माझ्या खिशात उतरतं. मधी मुंबईला फाइल अडकत नाही, संभाजीनगरला कुणी कात्री लावत नाही." मराठवाड्याच्या अनुशेषावर आजवर पुष्कळ अहवाल लिहिले गेले, समित्या बसल्या आणि उठल्या. अनुशेष भरून काढायचा इतका स्वस्त उपाय एकाही समितीला सुचला नाही.

या सुखात एकच खडा आहे, तो म्हणजे सरांचे साडू. ते पुण्याला हिंजवडीत असतात. अपडेट एकाच दिवशी सगळ्यांना मिळत नाही. कंपन्या तो टप्प्याटप्प्यानं सोडतात, आधी थोड्या फोनांवर, काही बिघडलं नाही तर बाकीच्यांवर. ज्या लातुरानं २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली, त्या लातुराच्या जावयाला 'टप्प्याटप्प्यानं' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण साडूंचा टप्पा दरवेळी आधी येतो. तेच मॉडेल, तोच रंग, एकाच दिवाळीत घेतलेले दोन फोन. आणि साडूंचा स्क्रीनशॉट चार दिवस आधी फॅमिली ग्रुपवर. खाली मजकूर, "भाऊ, तुमच्याकडं आला का?" त्या चार दिवसांत सर जेवतात, पण चव सांगू शकत नाहीत.

सरांच्या या नादाचा इतिहास गोड आहे. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना गुगल तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं खाऊची नावं द्यायचं. २०१० ची जिंजरब्रेड, मग आइस्क्रीम सँडविच, जेली बीन, किटकॅट. सरांनी पहिला टच मोबाइल घेतला तो जिंजरब्रेडचा. त्यात मराठी मेसेज आला की चौकोनी डब्यांची रांग दिसायची आणि लग्नाचं निमंत्रण आहे की मयताची खबर, हे कळायला पाठवणाऱ्याला फोन लावावा लागायचा. २०१४ च्या शेवटी लॉलीपॉप आलं आणि फोनची सगळी भाषाच मराठी करता यायला लागली. सरांनी आईच्या फोनला मराठी केली. स्वतःच्या फोनला इंग्रजीच ठेवली, कारण मराठीत 'सेटिंग' सापडत नाही असं त्यांचं म्हणणं.

२०१६ मध्ये 'एन' अक्षर आलं, तेव्हा केरळातल्या मंडळींनी नेय्यप्पमसाठी जोर लावला होता. सर हळहळले, की एन तर नांदेडचाही आहे, पण आपलं म्हणून पुढं करावं असं एनचं गोड काही सुचेना. शेवटी नाव पडलं नूगा. तो कसला असतो हे त्यांनी शोधून काढलं आणि घरात जाहीर केलं, "काही नाही, चिक्कीच हाय." २०१८ ला 'पी' आलं. आता पेढा किंवा पुरणपोळी यावी अशी त्यांच्या आईचीही इच्छा होती. आली पाय. २०१९ पासून गुगलनं खाऊची नावं जाहीरपणे द्यायचंच बंद केलं आणि नुसते आकडे सुरू केले. त्या दिवसापासून सरांच्या बोलण्यात एक कोरडेपणा आला तो आलाच. आकड्यांवरही त्यांची नजर असते. २०२५ मध्ये आयफोनची आवृत्ती अठरावरून एकदम सव्वीसवर गेली, तेव्हा ते भडकले. त्यांच्याकडं आयफोन नाही, पण प्रश्न तत्त्वाचा होता. "मधले सात आकडे कुठं गेले? तलाठ्यानं असा फेरफार केला असता तर निलंबित झाला असता."

फोन आपोआप अपडेट होऊ देणं सरांना मान्य नाही. "आपोआप येतं ते आजारपण," असं ते म्हणतात. अपडेट हातानं घ्यायचा. सेटिंगमध्ये जायचं, तळाशी 'अबाउट फोन', तिथून 'सिस्टिम अपडेट', आणि मग ते बटण, ज्यावर बोट ठेवलं की गोल फिरत राहतं. सर हे बटण सकाळी दात घासायच्या आधी दाबतात, प्रयोगशाळेत मुलं टायट्रेशन करत असताना दाबतात आणि रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणात दाबतात. 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं त्यावर उत्तर आलं, की त्यांना ते उत्तर नाही, टोलवाटोलवी वाटते.

आणि एखाद्या सकाळी तो येतो. मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. रोजचा डेटा दीड जीबी, अपडेट पावणेतीन. म्हणून त्या दिवशी सकाळपासून घरात कुणाला हॉटस्पॉट मिळत नाही. रात्री अकराला पहिला दीड जीबी ओतायचा, आणि बाराच्या ठोक्याला नवा दिवस लागला की उरलेला. तोवर फोटो पेनड्राइव्हवर काढून झालेले असतात. अमावास्या नाही ना, हे कॅलेंडरवर बघून झालेलं असतं. चार्जिंग निम्म्याच्या वर पाहिजे, पण लाईटचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टरवर फक्त फोनचा प्लग ठेवतात आणि पंखा बंद करतात. घामाघूम झालेलं कुटुंब एका पट्टीकडं बघत बसतं. ब्याण्णव टक्के. त्र्याण्णव टक्के. वहिनी विचारतात, "आवो, झोपू का मी?" सर बोट ओठावर ठेवतात.

मग फोन बंद होतो आणि पुन्हा सुरू व्हायला लागतो. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं आणि तिथंच थांबतं. ही तीन-चार मिनिटं सरांच्या आयुष्यातली खरी मिनिटं. हल्लीच्या बऱ्याच फोनांत नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळ्या कप्प्यात बसवतात आणि ती उठलीच नाही तर फोन जुन्या कप्प्यातून चालू होतो, हे त्यांना पाठ आहे. एसटीत त्यांनी ते शेकडो जणांना सांगितलंय. पण त्या वेळी त्यांचा विश्वास फक्त कव्हरमागच्या खंडोबावर असतो. पडदा उजळतो. सर फोन कपाळाला लावतात, आणि 'नवीन काय' हे पान मोठ्यानं वाचतात. "काही किरकोळ दोष दुरुस्त केले आहेत. स्थैर्य वाढवले आहे." इथं त्यांची झोप उडते. दोष होते? कोणते? इतके दिवस ते खिशात घेऊन हिंडलो?

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू होते. हा गुण त्यांच्या आजोबांचा. माळेगावच्या यात्रेत आजोबा देवणी आणि लाल कंधारी बैलांची पारख करायचे. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, चालवून बघायचे, आणि जनावर कितीही आवडलं तरी तोंडावरची माशी हलू द्यायची नाही. सौदा रुमालाखाली बोटांनी. नातवानं बैलाच्या जागी फोन घेतला, रीत तीच. नवं फीचर आवडलं तरी आठ दिवस चांगलं म्हणायचं नाही. मग निकाल लावायचा, तोही कॉलेजच्या भाषेत. पास, नापास किंवा एटीकेटी.

बॅटरी फार दिवस टिकावी म्हणून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर आपणहून थांबवणारी सोय आली. नापास. "ऐंशीला थांबला अन् लाईट गेली. राहिलेलं वीस कोण देणार, महावितरण?"

बोलून मराठी लिहायची सोय गुगलच्या कीबोर्डवर २०१७ मध्येच आली होती. पुण्यातल्या मराठीला ती पहिल्या दिवसापासून पास झाली. सरांनी आपल्या बोलीत विचारलं, "काय करलालाव?" फोननं लिहिलं, 'काय कर लाल आव'. सर घसा खाकरून पुन्हा बोलले. फोननं या वेळी 'लाल' च्या पुढं टोमॅटोचं चित्र सुचवलं. एटीकेटी.

फोटोतला नको असलेला माणूस पुसून टाकायची सोय सरांना मनापासून भावली होती. शेताच्या बांधावरचा एक जुना फोटो होता, त्यात चुलतभाऊ कंबरेवर हात ठेवून उभा. सरांनी त्याच्याभोवती बोट फिरवलं, आणि भाऊ गेला. त्याच्या जागी फोननं आपल्या मनानं दोन तुरीची झाडं लावली. सरांनी तो फोटो वडिलांना दाखवला. वडिलांनी चष्मा लावून नीट पाहिला. "फोटोतून काढलास, चांगलं केलंस," ते म्हणाले. "सातबाऱ्यातून निघाला की सांग."

भावकीवरून आठवलं. सरांचा सगळ्यात मोठा राग आहे तो कॉल रेकॉर्डिंगवर. मे २०२२ मध्ये गुगलनं प्ले स्टोअरवरच्या इतर ॲपांची कॉल रेकॉर्ड करायची वाट बंद केली. राहिलं गुगलचं स्वतःचं फोन ॲप. रेकॉर्डिंग सुरू होताच त्यातली बाई दोन्हीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ते जाहीर करते. दुसऱ्याला न सांगता त्याचं बोलणं टिपणं बरं नव्हे, हा विचार सभ्य आहे. पण ज्या मुलखात बांध, वाटणी, उसनवारी आणि सोयरीक यांतला प्रत्येक शब्द उद्या फिरू शकतो, तिथं हा विचार घेऊन जगायचं कसं? पूर्वी सरांचा चुलतभाऊ फोनवर मोकळेपणानं शिव्या द्यायचा आणि त्या पुराव्यादाखल जपून ठेवता यायच्या. आता ती बाई बोलली की भाऊ एकदम म्हणतो, "दादा, तब्येत कशी हाय? वहिनी बऱ्या हायत ना?" नापास. मात्र दोघा भावांचं बोलणं सुधारलं ते या एका बाईमुळं, असं वहिनींचं मत आहे.

सरांनी पैकीच्या पैकी मार्क आजवर एकाच सोयीला दिलेत. सप्टेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर भूकंपाचा इशारा देणारी यंत्रणा भारतात सुरू झाली. फोन आडवा पडल्यावर चित्र आडवं करणारा जो छोटा सेन्सर आत असतो, तोच जमिनीचा हादरा ओळखतो. स्थिर आणि चार्जिंगला लावलेले पुष्कळ फोन एकाच वेळी हलले, की गुगलचे संगणक त्यावरून भूकंप ताडतात आणि लाटा अजून पोचल्या नाहीत अशा ठिकाणच्या फोनांना काही सेकंद आधी सावध करतात. सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' खाली ती चालू आहे का, ते दिसतं.

सासुरवाडीला सरांनी हे सांगितलं, तेव्हा नेहमी फोनच्या नावानं बोटं मोडणारे सासरे एकदम गप्प झाले. त्यांचं मूळ गाव औशाकडचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी हललं. "काही सेकंद म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "दारातून बाहेर पडण्यापुरते. तेबी लांबच्याला. अगदी खालीच भूकंप झाला तर कामाचं नाही." सासऱ्यांनी आपला फोन पुढं केला. "लावून द्या जावईबापू." जावयाच्या हाती त्यांनी फोन आपण होऊन दिला, तो हा एकदाच.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली-नांदेडकडं साडेचार तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हापासून सर गल्लीत घरोघर सांगत असतात की रात्री फोन चार्जिंगला लावून जमिनीवर सपाट ठेवा, तेवढीच समाजसेवा. त्यांच्या घरात रात्री चार फोन फरशीवर ओळीनं पडलेले असतात, आणि मच्छरच्या बॅटला प्लग मिळत नाही.

चोरी ओळखून आपोआप कुलूप लागण्याची सोय आली, तेव्हाचा प्रयोग मात्र लातुरात अजून सांगितला जातो. कुणी हातातून फोन हिसकावून पळालं, तर त्या झटक्यावरून फोन ओळखतो आणि स्वतःला कुलूप लावून घेतो. सरांना हे वाचून पटेना, करून बघायचं होतं. जागा निवडली गंजगोलाई. मेहुण्याचा मुलगा नीटची तयारी करणारा, चपळ. त्याला तयार केलं. "मी फोनवर बोलल्यासारखं करतो. तू हिसका मारायचा अन् सराफ लाइनकडं पळायचं."

पोरानं हिसका झकास मारला. पण गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या दिवशी सोळाही रस्त्यांवरून माणसं धावली. पोराला पन्नास पावलांत धरलं. "ते माझे मामा हायत, त्यांनीच पळायला सांगितलंय," असं तो रडकुंडीला येऊन सांगत होता आणि प्रत्येक वाक्यानिशी लोकांचा संशय वाढत होता. तेवढ्यात सर धापा टाकत, हसत हसत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झाला का लॉक?" आता जमावानं दोघांनाही धरलं. हवालदार आले. म्हणाले, फोन तुमचा ना, मग उघडून दाखवा. फोन खरोखरच लॉक झाला होता. सरांचं बोट घामानं ओलं, फोन ओळखेना. पिन आदल्या रात्री नव्या अपडेटनंतर बदललेला. घाबरगुंडीत तो आठवेना. शेवटी पोरगाच पुढं झाला आणि त्यानं सहा आकडे दाबून फोन उघडला. मामांच्या खांद्यावरून बघून त्यानं ते कधीच पाठ केले होते. चोरालाच पिन माहीत आणि मालकाला नाही, हे बघून हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. सासरे येऊन ओळख पटवेपर्यंत तास गेला. निकाल सरांनी जागेवरच जाहीर केला, "फीचर पास. लातूरची जनता डिस्टिंक्शन."

सरांचं खरं मोठेपण दिसलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये. पोळा तोंडावर आलेला, आणि एके सकाळी लोकांनी फोन उघडले तर फोन लावायचा पडदाच बदललेला. गुगलनं आपल्या फोन ॲपचं रूप पालटलं होतं. आवडते नंबर आणि झालेले कॉल एकाच पानावर आणले. आलेला फोन पूर्वी वर ओढून घ्यायचा, तो आता उजवीकडं ओढून घ्यायचा आणि डावीकडं ओढून तोडायचा. अपडेट कुणी मागितला नव्हता, कुणी बटण दाबलं नव्हतं. ॲप होतं, आपोआप बदललं. नांदेडात खबर पसरली की फोन हॅक झाले. कुणी म्हणालं सरकारनं केलं, कुणी म्हणालं शेजाऱ्याच्या वायफायनं केलं. त्याच महिन्यात मुखेडकडं पावसानं हाहाकार उडवला होता. माणूस माणसाची खुशाली फोनवर विचारत होता, आणि फोन उचलताच येईना.

सरांच्या दारात रांग लागली. त्यात गल्लीतल्या एक आजी होत्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी फोन काढला. "सर, पुण्याहून लेक फोन करलालाय अन् माझ्या हातानं कटलालाय. त्याला वाटलालंय माय रुसली." सरांनी समजावलं, की खिशातून काढताना चुकून फोन उचलला जाऊ नये म्हणून कंपनीनं ही सुधारणा केलीय. आजींनी आपल्या लुगड्याकडं बघितलं. "मला खिसा कुठंय?"

कॅलिफोर्नियातल्या माणसांनी या सुधारणेवर किती दिवस डोकं खपवलं असेल कुणास ठाऊक. तो सगळा विचार आजींच्या तीन शब्दांपुढं आडवा झाला. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोनच्या चिन्हावर बोट दाबून धरलं, 'ॲप इन्फो' उघडलं, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांना हात लावला आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' केलं. जुना पडदा परत आला. प्ले स्टोअरमध्ये जाऊन त्या ॲपचं आपोआप अपडेट होणंही बंद केलं. आजींनी लेकाला लावला, फोन सरांच्या कानाशी धरला आणि म्हणाल्या, "सांगा त्याला, मी रुसले नव्हते म्हणून." आयुष्यभर अपडेट चढवत आलेल्या माणसानं तो अख्खा आठवडा गल्लीतले अपडेट उतरवण्यात घालवला, आणि एकाही फोनमागं पैसा घेतला नाही. मोबाइलच्या दुकानात "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून दोनशे मागत होते.

घरात सरांना किती किंमत आहे? वहिनींचा फोन बघितला की ते कळतं. तो अजून पाय आवृत्तीवर आहे. त्याला हात लावायची सरांना मनाई आहे. गॅस नोंदवणं, लाईटबिल, मुलांच्या शाळेचे निरोप, घरातले सगळे ओटीपी त्याच फोनवर येतात. सर कधीमधी सांगून बघतात, की जुन्या फोनला सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही, एक दिवस बँकेचं ॲपच चालायचं बंद होईल. ते खरंही आहे. व्हॉट्सॲपनं जानेवारी २०२५ पासून किटकॅटचे फोन सोडून दिले. वहिनी म्हणतात, "बंद पडला की बघू. तुमचा नवा फोन सकाळी काय रूप घेऊन उठंल, याचा तरी भरवसा हाय का?" दोघंही बरोबर आहेत, आणि दोघांच्या बरोबर असण्यात संसार चाललाय.

तेव्हा सर एसटीत भेटले तर तोंड फिरवू नका. फक्त तीन गोष्टी सांभाळा. मुलाच्या नीटच्या आदल्या दिवशी आणि मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांच्या हाती फोन देऊ नका. चार्जिंग आणि फोटो यांची तजवीज झाल्याशिवाय "टाकून द्या" म्हणू नका. आणि तिसरी गोष्ट सर स्वतःच प्रत्येकाला बजावतात, ती मनावर घ्या. सध्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचा दंड, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी एपीके फाइली फिरतात. त्या उघडल्या की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. अपडेट घ्यायचा तो सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरवरून. एपीके आली, तर ती कितीही जवळच्या पाव्हण्यानं पाठवलेली असो, हात लावू नका. लग्नाचं खरंखुरं आमंत्रण असेल, तर मराठवाड्यातला पाव्हणा घरी येऊन अक्षत देतो.